टॅली झाल्याशिवाय घरी नाही

1982 साली बीएसआरबीची, म्हणजे बँकभरती मंडळाची, परीक्षा देऊन मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि मे 2020 मध्ये सीनियर मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. मालक एकच, पगाराची स्लिपही एकाच रंगाची. काम मात्र इतकं बदललं की 1982 मधल्या मला 2020 मधल्या माझ्या खुर्चीवर बसवलं असतं, तर तिने आधी विचारलं असतं, ‘बँक कुठाय?’ हा बदल लोक बहुतेक वेळा संगणकाच्या नावावर मांडतात. मला तो वेगळ्या ठिकाणी दिसतो. आजचा दिवस संपला हे ठरवायचं कोणी, या एका गोष्टीत.

पहिली शाखा इचलकरंजीची. मागांचं गाव, त्यामुळे शाखेत आवाज माणसांचा आणि बाहेर धोट्यांचा. दक्षिणेकडच्या गिरण्यांतून सुताच्या गाठी ट्रकने यायच्या, पण ट्रकची पावती बिलाबरोबर आमच्याकडे यायची. व्यापाऱ्याने बँकेत पैसे भरले की पावती त्याच्या हातात, आणि ती दाखवली की ट्रान्सपोर्टच्या गोदामातून गाठी मोकळ्या. म्हणजे गावातल्या अनेक मागांवर उद्या सूत चढणार की नाही, हे आमच्या बिल्स खात्यातल्या एका टेबलावर ठरायचं. बाविसाव्या वर्षी हे कळल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मी लेजरवर होते. लेजर म्हणजे सुट्या पानांचं, किल्लीने आवळलेलं बाड, दोन हातांनी उचलावं लागे असं. पैसे काढायला आलेल्या माणसाने चेक दिला की त्याला पितळी टोकन मिळायचं आणि चेक माझ्याकडे यायचा. खात्याचं पान काढायचं, रक्कम नावे टाकायची, शिल्लक मांडायची, बारीक सही करायची. मग ऑफिसर नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडून बघणार, चेक पास करणार, स्क्रोलमध्ये, म्हणजे पास झालेल्या चेकच्या यादीत, नोंद होणार आणि शेवटी कॅशियर जाळीमागून टोकनचा नंबर पुकारणार. एका चेकला चार जणांचा हात लागायचा. अर्धा तास सहज जायचा आणि लोक बाकावर बसून गप्पा मारत. तो अर्धा तास लोकांना आवडायचा असं मी म्हणणार नाही. त्यांना दुसरा पर्याय नव्हता.

दुपारी दोनला दरवाजा अर्धा ओढला जायचा. बाहेरच्यांना वाटायचं बँकवाल्यांची मजा, दोनला सुट्टी. खरं काम त्यानंतर. प्रत्येक खात्याची व्हाउचरं वेगळी करायची, सप्लिमेंटरीवर, म्हणजे त्या-त्या खात्याच्या यादीवर, उतरवायची, नावे-जमेच्या बेरजा मारायच्या, त्या डे बुकात, म्हणजे शाखेच्या दिवसाच्या एकत्र हिशेबात, चढवायच्या. डे बुकाच्या दोन्ही बाजू जुळल्या, तिजोरीतली रोकड कॅश बुकाशी जुळली, मॅनेजर आणि हेड कॅशियर यांनी आपापली किल्ली फिरवली, की दिवस बंद. पाच वाजोत की आठ. पंचवीस पैशांचा फरक असला तरी दिवस उघडाच. नवऱ्याने बायकोला घ्यायला यावं, बाहेर सायकल टेकवून उभं राहावं आणि आतून कोणीतरी ओरडावं, ‘अजून टॅली नाही हो!’ हे नेहमीचं.

फरक शोधायचं एक शास्त्र होतं, ते कुठल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवलं गेलं नाही. आमचे हेड कॅशियर, ज्यांना सगळी शाखा अण्णा म्हणायची, त्यांनी मला ते सांगितलं. ‘ताई, डोळ्यांनी शोधत बसू नका. फरकाला आधी नऊने भागा.’ नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत: 540 चे 450 झाले की फरक 90, नऊने जातो. नऊने गेला नाही तर दोनाने भागा. 500 चा फरक असेल तर 250 ची एखादी रक्कम नावेऐवजी जमेला पडली आहे का बघा. दोन्ही जमलं नाही तर मग टिकिंग: एकाने व्हाउचर वाचायचं, दुसऱ्याने पुस्तकात टिक मारायची. चूक ज्याची असेल त्याने सगळ्यांना चहा द्यायचा असा रिवाज होता आणि चहा कधीच एकट्याच्या पैशाने येत नसे. चूक नेमकी कुणाची, हे सगळ्यांना कळायचं. रात्री आठ वाजता, घरी दूध उतू गेलेलं असताना, ते कळणं फार गोड नसायचं. पण तो माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्या फरकासाठी थांबलेला असायचा.

व्याजाचा हंगाम वेगळाच. बचत खात्यावर तेव्हा दर महिन्याच्या 10 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळायचं. जून आणि डिसेंबर आले की प्रत्येक पानावर पेन्सिलीने सहा महिन्यांचे सहा आकडे काढायचे, बेरीज करायची, फॅसिटच्या आकडेमोडीच्या यंत्राचा दांडा फिरवून व्याज काढायचं आणि मग ते दुसऱ्याने तपासायचं. (10 तारखेची ही भानगड थेट 2010 च्या एप्रिलपर्यंत चालली, त्यानंतर रोजच्या शिल्लकीवर व्याज आलं. तोवर संगणक येऊन वर्षं लोटली होती, म्हणजे अडचण यंत्राची नव्हती. जाऊ दे.) बँकांचं वर्षही तेव्हा 31 डिसेंबरला संपायचं. सगळं गाव नव्या वर्षाच्या गप्पा मारत असताना आम्ही जनरल लेजर समोर घेऊन भजी खात बसलेले. 1989 पासून वर्षअखेर 31 मार्चला गेली आणि थंडीऐवजी उकाड्यात बसू लागलो.

लग्नानंतर विनंती बदली घेऊन पुण्यात आले. इथेच पहिल्यांदा यंत्र पाहिलं. बँकांत संगणक आणायचे हे रंगराजन समितीने 1984 च्या सुमारास सांगितलं होतं आणि संघटनांशी वाटाघाटी होऊन कुठे किती यंत्रं बसवायची याचे करार झाले होते. गेट मीटिंगमध्ये ‘हाताचं काम जाणार’ अशी भाषणं व्हायची, मीही टाळ्या वाजवल्या आहेत. मग एक दिवस शाखेच्या कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली. एसी फक्त त्या खोलीला. माणसं बाहेर पंख्याखाली, यंत्र आत गारव्यात, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. ते एएलपीएम, म्हणजे लेजर टाइप करून शिल्लक काढून देणारं यंत्र. त्यावर बसणाऱ्याला जादा भत्ता होता, त्यामुळे टाळ्या वाजवणाऱ्यांनीच ज्येष्ठतेच्या यादीत आपला नंबर कितवा ते आधी बघितलं. मला हा दुटप्पीपणा वाटत नाही. नोकरी जाईल ही भीती खरी होती आणि भत्त्याची गरजही खरी होती.

गंमत म्हणजे सुरुवातीला काम दुप्पट झालं. यंत्रावर विश्वास नाही म्हणून लेजरही लिहायचं आणि यंत्रावरही चढवायचं, संध्याकाळी दोन्ही ताडून बघायचं. हे काही महिने चाललं आणि मग एका दिवशी साहेबांनी लेजरला कुलूप लावलं. त्या संध्याकाळी बेरीज मारायला काही नव्हतं. आम्ही साडेपाचला घरी गेलो आणि सासूबाईंनी विचारलं, ‘बरं नाही का?’

1997 मध्ये ऑफिसर झाले. त्याआधी बरीच वर्षं प्रमोशनच्या परीक्षेला बसलेच नव्हते, कारण प्रमोशन म्हणजे बदली. शाखेतल्या बहुतेक बायकांचं हेच गणित. हुशारी कमी म्हणून क्लार्क राहिलेली बाई मी फारशी पाहिली नाही. मुलाची दहावी, सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची न बदलणारी नोकरी यांमुळे राहिलेल्या मात्र खूप. मुलगी मोठी झाली, नवरा म्हणाला आता जा, म्हणून मी गेले.

त्याच काळात दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांचा आदेश आला: 1 जानेवारी 2001 च्या आत बँकांनी आपला 70 टक्के व्यवसाय संगणकावर आणावा. मग जी धावपळ झाली ती झाली. शाखेत स्वतःचा सर्व्हर आला, आणि दिवस बंद करणं हे आता एक बटण झालं. त्याला आम्ही ‘डे-एंड’ म्हणायचो. सगळ्या नोंदी मंजूर झाल्या का बघायचं, रोकड जुळवायची, बॅकअप घ्यायचा आणि डे-एंड चालवायचा. तो अडकला तर दुसऱ्या दिवशीची तारीखच उघडायची नाही. रात्री नऊ वाजता मुंबईतल्या हेल्पडेस्कला फोन लावून ‘नव्वद टक्क्यांवर थांबलंय हो’ सांगणारे आम्ही, आणि पलीकडे ‘मॅडम, बंद करून चालू करा’ म्हणणारा मुलगा. तरी दिवस शाखेचाच होता. बटण आमच्या हातात होतं.

2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली. देशभरात सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसं एका फटक्यात बाहेर पडली. आमच्या शाखेतून गेले ते बहुतेक पन्नाशीतले: सही बघून माणूस सांगणारे, नोट हातात घेऊन खोटी ओळखणारे. त्यांचे अंगठे बघून कळायचं कॅशियर कोण ते. नोटांची पाकिटं तेव्हा तारेच्या पिना मारून बांधलेली असायची आणि त्या उपसून अंगठे फाटायचे. रिझर्व्ह बँकेने पिना बंद करायला लावल्या तोवर ते अंगठे घरी गेले होते. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. भरती अनेक वर्षं जवळपास थंड होती. 2011 पासून आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या संस्थेच्या, सामाईक परीक्षा सुरू होऊन मुलं येऊ लागली, तेव्हा शाखेत एकीकडे आम्ही पन्नाशीचे आणि दुसरीकडे ते तेविशीचे. मधली पिढीच नव्हती. नऊने भागायचं सांगायला अण्णा मला भेटले तसं या मुलांना कोणी भेटलं नाही. खरं तर त्यांना त्याची गरजही नव्हती. नोंद चुकली तर यंत्र पुढे जाऊच देत नाही. पण ‘हा माणूस दर महिन्याला एवढं काढत नाही, आज का काढतोय?’ हा प्रश्न यंत्र विचारत नव्हतं, तो शिकवायला माणूस हवा होता.

2006 मध्ये आमची शाखा कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखांच्या एकाच मध्यवर्ती यंत्रणेवर, गेली. त्या मायग्रेशनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात जे हरवलं ते कोणत्याही अहवालात आलं नाही. शाखेतला सगळा डेटा मध्यवर्ती ठिकाणी जाणार म्हणून आधी तो स्वच्छ करायचा होता. आमच्याकडे ‘पाटील एस. बी.’ या नावाची किती खाती होती! जुन्या लेजरकीपरला सगळे पाटील तोंडपाठ होते, पण संगणकाला जन्मतारीख, पूर्ण नाव, पत्ता, आईचं नाव हवं. रोज संध्याकाळी ग्राहकांना फोन, रविवारी सह्यांच्या कार्डांचं स्कॅनिंग. अंगठे उठवणाऱ्यांचे फोटो वेगळे.

या कामासाठी जुनी लेजरं पुन्हा खाली काढली, तेव्हा पानांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. ‘धाकट्या भावाकडे चेकबुक देऊ नये, स्वतः सांगितले आहे.’ ‘ऐकू कमी येते, लिहून दाखवावे.’ ‘मुलीच्या लग्नाची रक्कम, काढायला आल्यास एकदा विचारावे.’ हे बँकेच्या कोणत्याही नियमात बसत नव्हतं. कोणी कोणाला विचारून लिहिलेलंही नव्हतं. नव्या स्क्रीनवर पंचवीस रकाने होते आणि यांतल्या एकाही ओळीला रकाना नव्हता. आम्ही दोघीतिघींनी महत्त्वाच्या काही नोंदी वहीत उतरवून घेतल्या. ती वही दोन बदल्यांनंतर कुठे गेली, माहीत नाही. आता यावर कोणी म्हणेल की अशा नोंदी म्हणजे ग्राहकाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणं. मुद्दा बरोबर आहे. त्या भावाच्या बाजूने विचार केला तर मलाही पटतो.

कोअर बँकिंगने ग्राहकाचं भलं केलं यात वाद नाही. इचलकरंजीत असताना बाहेरगावचा चेक वसूल व्हायला आठवडे लागत. तार पाठवून पैसे द्यायचे तर तारेतल्या सांकेतिक आकड्याचा पडताळा पुस्तकातून काढावा लागे, आणि तो जुळला नाही तर हॉस्पिटलात पैसे भरायला आलेला माणूसही परत जायचा. आता तो मोबाइलवर बोट फिरवतो. जुने दिवस परत यावेत असं म्हणणाऱ्या माझ्या निवृत्त मैत्रिणींना मी हेच सांगते.

पण डे-एंडचं बटण शाखेतून गेलं. दिवस आता डेटा सेंटर बंद करतं, रात्री, आपल्या वेळेला. शाखेने फक्त ‘पेंडिंग शून्य’ करून ठेवायचं. मला वाटलं, चला, सुटलो, आता पाचला घरी. झालं उलट. जोवर दिवस टॅलीने संपायचा तोवर टॅली झाल्यावर कोणी तुम्हाला थांबवू शकत नव्हतं. साहेबसुद्धा नाही, तिजोरीच बंद. आता टॅली आपोआप व्हायला लागली आणि थांबायचं कुठे याला काही धरबंध राहिला नाही. रिकाम्या झालेल्या त्या वेळेत टार्गेट आलं.

2013 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या शाखेची मॅनेजर झाले. पुढच्या वर्षी 28 ऑगस्टला जनधन सुरू झालं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून आम्ही खाती उघडली. आयुष्यात पहिल्यांदा पासबुक हातात घेणाऱ्या बायका ते पदराला पुसून बघायच्या. ते काम मी मनापासून केलं, आजही त्याचा अभिमान आहे. मे 2015 मध्ये विम्याच्या योजना आल्या, 12 रुपयांत अपघात विमा, 330 रुपयांत जीवन विमा. त्याही गावाला उपयोगाच्याच होत्या. त्रास योजनांचा नव्हता. त्रास होता तो सकाळी आठला फोनवर पडणाऱ्या ‘गुड मॉर्निंग टीम, आज लॉग-इन डे’चा, म्हणजे आज विम्याचे अर्ज आणायचेच या हुकमाचा, आणि रात्री साडेनऊला पडणाऱ्या तक्त्याचा, ज्यात शाखांची नावं उतरत्या क्रमाने आणि शेवटच्या पाच लाल रंगात. त्या लाल पाचात येऊ नये म्हणून एखाद्या म्हातारीच्या मुदत ठेवीचं विम्याच्या पॉलिसीत रूपांतर करणारी माणसं मी पाहिली. म्हातारीला वाटायचं, आपली एफडीच आहे. अण्णांच्या शाखेत पंचवीस पैशांचा फरक सगळ्यांना दिसायचा. हा फरक कोणत्याही टॅलीत दिसत नव्हता, कारण नावे आणि जमा दोन्ही बरोबर होतं.

मधल्या काळात एकदाच जुने दिवस जसेच्या तसे परत आले. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली. 9 ला बँका बंद, 10 ला दरवाजा उघडला तेव्हा रांग एसटी स्टँडपर्यंत. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी 4000, मग 4500, मग 2000. रोज नवं परिपत्रक, तेही आधी टीव्हीवर आणि मग आमच्याकडे. नवी 2000 ची नोट आकाराने वेगळी, म्हणून एटीएम बंद. शंभराच्या नोटा नाहीत, म्हणून 2000 ची नोट घेऊन माणूस मासळीवालीकडे जाऊन परत आमच्याकडेच. मोजायचं यंत्र तापून बसलं आणि आम्ही हाताने मोजायला लागलो. बँकेतून निवृत्त झालेले, गावातच राहणारे एक कॅशियर स्वतःहून येऊन बसले. रोकड कमी पडली तर कॅशियरने खिशातून भरायची हा नियम त्या दिवसांतही चालू होता, म्हणून रात्री बारा वाजले तरी टॅली झाल्याशिवाय कोणी उठत नव्हतं. माझ्याकडचा नवा मुलगा, इंजिनिअर, त्याच्या काउंटरला 450 कमी आले. फरकाला नऊने भाग म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. भाग गेला, 50 आला. त्यानेच मग शोधून काढलं: एका स्लिपवर 500 भरले होते आणि नोंद 950 ची झाली होती. आकडे उलटे पडलेच नव्हते. म्हणजे नऊचा नियम इथे योगायोगानेच लागला, पण मी त्याला ते सांगितलं नाही.

शेवटची अडीच-तीन वर्षं पुन्हा पुण्यात काढली. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत बँका चालू होत्या. जनधन खात्यात बायकांना महिन्याला 500 रुपये आले, खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवलेले, बाहेर खडूची वर्तुळं. मे अखेरीला माझी निवृत्ती झाली. निरोप समारंभ व्हिडिओ कॉलवर झाला, त्यात निम्म्या लोकांचे माइक बंद होते. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. निरोपाची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

तो इंजिनिअर मुलगा आता स्वतः मॅनेजर आहे, विदर्भातल्या एका शाखेत. अधूनमधून फोन करतो. सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला आहेच, आता पाच दिवसांचा आठवडा हवा असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मिळू दे बाबा, पण आधी साडेनऊचा तक्ता बंद करून घ्या, नाहीतर शनिवारी घरी बसून तोच बघशील. ‘मॅडम, तो आता साडेनऊला येत नाही,’ तो म्हणाला. ‘आता दर दोन तासांनी येतो.’